झेंडूच्या दोऱ्यानं मामांची नोकरी खाल्ली

मंडळी, मी सध्या एका धावपट्टीवर विमानं पुसतो. आधी लोणंदला ट्रकवर होतो, ते सोडा.

काल खंडेनवमीला मालकांनी छोट्या विमानाच्या पुढच्या पंख्याला झेंडूचा हार घातला. फौजेतनं रिटायर झालेले मेकॅनिक मामा तो काढायला गेले, तर मालक म्हणाले, "पूजेचा हाय, ऱ्हाऊ द्या."

आज मालक तेच विमान घेऊन शिराळ्याच्या वर गेल्यावर बॅटरी चार्ज होईना. मालक कसेबसे उतरले. मामांनी फ्यूज, वायरी सगळं तपासलं, पण दोष सापडेना.

"आवं मामा, फौजेत काय चपात्या लाटत हुता?" मालक म्हणाले. आम्ही लय हसलो.

मग मामांनी इंजिनाचं झाकण उघडलं. हाराचा तुटलेला दोरा डायनामोच्या पट्ट्यात अडकून पट्टा निसटला होता.

"सायेब, हार तुमीच..."

"उद्यापास्नं येऊ नगा."

मामांचे पाने मालकांनी माझ्या हातात दिले. मी घेतले. तुम्ही काय केलं असतं?