प्रेमदासची हिमगिरी

वर्ध्याकडच्या जाम गावच्या चौकात समुद्राचं काय काम, असं कुणी विचारू नये. विचारलं की प्रेमदास थूल सुरू झालाच म्हणून समजा, आणि मग चहा गार! ऐन विशीत गडी नौदलात गेला आणि हिमगिरी नावाच्या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेच्या बॉयलर रूममध्ये घाम गाळून आला. वाफेवर चालणारं जहाज ते. खाली अशी धग, की वर्ध्याचा मे महिना त्यापुढे सावलीच.

हेमराजच्या टपरीवर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांनाही त्यानं युद्धनौकांची कुळं पाठ करून दिली होती. एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांचा एक वर्ग, आणि पहिल्या जहाजाचं नाव तेच सगळ्या वर्गाचं. "नीलगिरी थोरली, आमची हिमगिरी तिच्या पाठची," तो सांगे. "फ्रिगेटचं काम काय? पाणबुडी हुडकाची. डिस्ट्रॉयर त्याहून दांडगी. पयले जहाजं समोरासमोर येऊन तोफा डागत. आता दुश्मन दिसत बी नाई, अन् मिसाइल येऊन जाते." थोरली नीलगिरी निवृत्त झाल्यावर आपल्याच नौदलानं सरावात नेम धरून बुडवली, हे सांगताना मात्र त्याचा आवाज बसायचा. लगेच सावरून म्हणायचा, "पण गड्याहो, नौदलात जहाज जाते, नाव जात नाई. ते नव्या जहाजाले देतेत."

बाहेर एवढं बोलणारा हा माणूस घरात एका नावाला कुलूप लावून बसला होता. पौर्णिमा. त्याची लेक, दहा हाका मारल्या तरी वळून न बघणारी. कॉलेजात होती, तापाचं निमित्त झालं आणि गेली. तेव्हापासून घरात ते नाव कुणी काढायचं नाही, असा त्याचा हुकूम. बायको सुलोचनानं बाकी सगळं सोसलं, हे मात्र तिच्या घशात अडकून राहिलं.

आणि यंदा मुलाला, रुपेशला, मुलगी झाली. त्याच्या नि सुनेच्या, हर्षाच्या, मनात एकच नाव. प्रेमदास कडाडला, "ते नाव तिच्यासंगं गेलं. पुन्हा काढू नका!" नामकरण रविवारवर येऊन ठेपलं, तरी पोर बिननावाचीच.

त्याच आठवड्यात नवी हिमगिरी नौदलात दाखल झाली. रुपेशनं मोबाइलवर सोहळा लावून दिला. म्हातारा आधी चिडलाच. "ना वाफ, ना बॉयलर! इले काऊन हिमगिरी म्हणून राह्यले?" पण बँड वाजला, पांढऱ्या कपड्यांतली पोरं ताठ उभी राहिली, जहाजाचं नाव पुकारलं गेलं, आणि प्रेमदास खाटेवरून उठून सलाम ठोकून उभा. डोळ्यांचं पाणी काही थांबेना. "आली रे माही हिमगिरी," एवढंच म्हणत राहिला.

सुलोचना पोळ्या लाटत होती. तिथूनच म्हणाली, "लोखंडाच्या जहाजाले नाव परत भेटते. माह्या पोरीनं कोणतं पाप केलं होतं?"

प्रेमदासचा हात कपाळावरून खाली आला. 

रविवारी शेजारपाजार जमला. त्रिशरण-पंचशील झालं. पाळण्यात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि या पोरीची आत्या म्हणजे तीच. बाया एकमेकींना पुढे ढकलू लागल्या. शेवटी हर्षानं शेजारच्या जागृतीला पुढे केलं.

"थांबा," प्रेमदास उठला. "आत्याचं काम मी करतो."

पाळण्यावर वाकला. ओठ हलले, पण आवाज फुटेना. इतक्या वर्षांत ते नाव त्याच्या जिभेवर आलंच नव्हतं. आणि फुटला तेव्हा कानात सांगण्याजोगा राहिलाच नाही, सगळ्या आळीला ऐकू गेला.

"पौर्णिमा!"

सुलोचनानं तोंडाला पदर लावला. पोर आपली छताच्या पंख्याकडे टकामका बघत होती. प्रेमदासनं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. पोर ढिम्म. मग रडता रडताच त्याला हसू फुटलं.

"पाय वं सुलोचना," तो म्हणाला, "हाक मारली त वळून पाहत नाई. तशीच हाये. थेट तशीच."