माझा पहिला वाचक

आठवीत असताना मी ब्लॉग सुरू केला. सुरुवातीला तो माझ्या चुलतभावाखेरीज कुणीच वाचत नव्हतं.

चुलतभाऊ म्हणजे आमचा दादा. तो कर्जतला कॉलेजात जायचा आणि पोशीरला आमच्या शेजारच्याच घरात राहायचा. त्याच्याकडे एक जुना लॅपटॉप होता. बॅटरी मेलेली, त्यामुळे तो वायर लावूनच चालायचा आणि वीज गेली की लिहिलेलं सगळं उडून जायचं. एका रविवारी दादाने मला त्यावर ब्लॉग उघडून दिला. म्हणाला, "तू निबंध लिवतेस ना, तसंच इथं लिव. जगात कुनीबी वाचंल."

ते मी फारच मनावर घेतलं. पण लिहायचं काय? मला आजूबाजूचंच ठाऊक होतं. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजताना गावभर पसरणारा धूर, नदीवरच्या पुलावरून दिसणारे गळ टाकून बसलेले लोक, चिंबोरी, म्हणजे खेकडा, पायावर चढली म्हणून दादाच्या आईने, आमच्या काकूने, मारलेली उडी. शाळा नेरळला होती, म्हणून शाळेची वाटही लिहिली. पुलापर्यंत चालत जाते, पलीकडच्या वडाखाली रिक्षाची वाट बघते, माझी छत्री पिवळी आहे आणि वर्गात सगळे तिला हसतात. बारीकसारीक लिहिलं की वाचणाऱ्याला चित्र दिसतं, असं आमच्या मराठीच्या बाई सांगायच्या. मी बाईंचं ऐकत होते.

श्रावणात पहिली कॉमेंट आली. 'राबाच्या धुराचं वर्णन अप्रतिम. या वयात अशी भाषा दुर्मिळ असते.' खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक वाचक' एवढंच. मी ती इतक्यांदा वाचली की पाठ झाली. 'दुर्मिळ' हा शब्द मला कुणी लावेल असं वाटलंच नव्हतं. घरात माझ्या लिहिण्याला 'त्या डबड्यासमोर बसणं' म्हणत.

मग प्रत्येक लेखाखाली तो लिहू लागला. कुठला शब्द आवडला, कुठे वाक्य लांबलं, सगळं. तो सांगायचा ते पटायचंही. लांबलेलं वाक्य मी तोडून बघायचे आणि खरंच बरं व्हायचं. मी त्याला 'सर' म्हणू लागले. त्याने विचारलं, कितवीत आहेस? मी सांगितलं. शाळा कुठली, हे विचारलं तेव्हा मात्र का कोण जाणे, उत्तर दिलं नाही. दोन-तीन दिवसांनी त्यानेच लिहिलं, 'तू म्हणतेस तो पूल पोशीरचा ना? मी ओळखला.'

मला आधी आनंदच झाला. माझं वर्णन इतकं हुबेहूब होतं तर! रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र वाटलं, म्हणजे हा इथलाच कुणीतरी आहे.

पुढची कॉमेंट आली ती अशी: 'आज तुला पाहिलं. पिवळी छत्री छान दिसते. लोक हसतात, हसू देत.'

मी लॅपटॉप खाडकन मिटला. दादा शेजारीच बसून जेवत होता. "काय झालं गं?" म्हणाला. मी म्हटलं, "काय नाय."

दुसऱ्या दिवशी छत्री घरीच ठेवली आणि डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन निघाले. पुलावर एक मोटारसायकल उभी होती, तिच्यावर बसून कुणीतरी फोनवर बोलत होतं. वडाखाली दोन अनोळखी माणसं. रिक्षात माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सहज विचारलं, "कितवीला गं तू?" आणि मी तोंड फिरवून बाहेर बघू लागले. आता दिसेल तो माणूस तोच असू शकत होता. त्याला माझं सगळं माहीत, मला त्याचं काहीच नाही.

त्याच आठवड्यात त्याने शेवटचं लिहिलं. 'तुझ्यासाठी पुस्तकं घेतली आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर नेरळच्या एसटी थांब्यापाशी ये. घरी सांगू नकोस. घरच्यांना तुझी किंमत कळणार नाही.'

शेवटचं वाक्य मला खरं वाटलं, हेच सगळ्यात वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. आई शेतात बेणणीला, भातातलं तण काढायला, निघाली होती, कमरेला पदर खोचलेला. ती परत फिरली.

"कुठं दुखतंय? हात लावून दाखव."

मी पोटावर हात ठेवला, मग जरा वर, मग बाजूला. आईने ते बघितलं. मग दार ओढून घेऊन माझ्यासमोर खाली बसली. "आता बोल."

मी बोलले. मध्ये मध्ये रडलेही. आई चौथीपर्यंत शिकलेली, तिला इंटरनेटचं फारसं कळत नव्हतं, पण तिने एकही शब्द मध्ये टाकला नाही. दादाला हाक मारून लॅपटॉप आणवला आणि मला त्या सगळ्या कॉमेंट पहिल्यापासून वाचायला लावल्या. 'घरी सांगू नकोस' तिने दोनदा वाचून घेतलं.

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. "काकी, मी आत्ता सगळंच काढून टाकतो."

"कायपन काढायचं नाय," आई म्हणाली. "तो बाहेर फिरतोय. हितलं पुसून तो काय पुसला जानार हाय?"

वडील साजगावच्या कारखान्यात होते. तिथेच खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. आईने त्यांना फोन लावला. फोनमधून त्यांचा आवाज मला बाहेर ओटीवर ऐकू येत होता. "तिला ते डबडं दिलं कुनी? बंद कर म्हनावं सगळं! शाळाबी बंद कर तूर्त!" आईने त्यांचं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुमी या तर खरं. शाळेचं मग बघू." रजा मिळाली नाही. शनिवारी ते येऊ शकणार नव्हते.

"पोलिसांत जाऊ," दादा म्हणाला.

"जायाचं हायच. पन काय सांगायचं त्यांना, नाव नाय, तोंड नाय? आधी त्याचं तोंड बघू." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिव त्याला. येते म्हून."

मी लिहिलं. 'येते.' एवढं एकच. तोही शब्द दोनदा चुकला.

शनिवारी मला काकूबरोबर एसटी थांब्यासमोरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात, आतल्या बाजूला बसवलं. दादा बाजूच्या रिक्षा स्टँडवर दोन ओळखीच्या रिक्षावाल्यांशी बोलत उभा होता. आणि आई थांब्यावर एकटी, माझी पिवळी छत्री उघडून, चेहरा झाकला जाईल इतकी खाली धरून. पाऊस बारीक होता. दप्तरं घेतलेल्या मुली घोळक्याने जात होत्या. काकूने माझं मनगट घट्ट धरलं होतं. ती मला धीर देत होती की स्वतःला सावरत होती, कळत नव्हतं.

बराच वेळ कुणीच आलं नाही. मला वाटलं, येणारच नाही, आणि तसं झालं तर आयुष्यभर तो कुठेही असू शकेल.

मग एक माणूस रस्ता ओलांडून आला. वडिलांच्याच वयाचा. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातात कापडी पिशवी. एखाद्या शाळेत शिक्षक म्हणून शोभला असता. रस्त्यात दिसला असता तर मी त्याला नमस्कार केला असता. तो छत्रीच्या मागे जाऊन थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि वाकून काहीतरी बोलला.

आईने छत्री मागे केली.

मला दुकानातून फक्त त्याचं तोंड दिसत होतं. आईचं बोलणं दादाने नंतर सांगितलं, आणि त्यातलं थोडं माझ्या कानांनीही ऐकलं, कारण तिचा आवाज चढत गेला.

"पुस्तकं आनलीत ना? द्या की. मी तिची आई."

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, ताई. मी फक्त मुलीला उत्तेजन म्हणून..."

"मग घरी नको सांगू असं का लिवलंत?"

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"इथं सगळ्यांसमोर सांगा. का लिवलंत?"

तो वळला, पण दादा आणि रिक्षावाले आडवे आले. एकाने त्याची कॉलर धरली. आई ओरडली, "हात लावू नका! मारलंत तर तो तक्रार करंल आन् आपनच अडकू. चौकीवर घ्या." मला आजही नवल वाटतं, इतकं शांत तिला कसं सुचलं. काकू म्हणते, शांत कुठली, छत्रीची दांडी तिने धरून धरून वाकवली होती.

चौकीत हवालदाराने त्याचं नाव-गाव लिहून घेतलं आणि फोन उघडायला लावला. फोनमध्ये काय होतं ते आईने पाहिलं. मी बाहेर बाकावर काकूशेजारी बसले होते. आई बाहेर आली तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. "काय होतं गं?" विचारलं तर म्हणाली, "काय नाय. चल घरी." माझे पाठमोरे फोटो होते त्यात, पुलावरचे, वडाखालचे, मला कळू न देता काढलेले. हे तिने मला माझ्या लग्नानंतर सांगितलं. "तेवाच सांगितलं असतं तर तुजी शाळा सुटली असती," म्हणाली.

त्या माणसावर गुन्हा नोंदवला, दोन-तीनदा आईला जबाबासाठी जावं लागलं. पुढे केसचं काय झालं ते आम्हांला नीट कळलं नाही. तो पुन्हा मात्र दिसला नाही. तरी वर्षभर मी पुलावरून जाताना मागे वळून बघायचे.

त्यानंतरच्या सुट्टीला वडील घरी आले. ब्लॉग बंद, लॅपटॉप बंद, हे त्यांनी ठरवूनच आणलं होतं. आईने त्यांना ओटीवर बसवलं आणि मला म्हणाली, "पयल्यापासनं वाच. त्या मेल्याचं नको, तुजं वाच."

मी राबाचं वाचलं, पुलाचं वाचलं. काकूच्या उडीला आई पदर तोंडाला लावून हसली. वडील हसले नाहीत. खाली मान घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "त्यात आपलं घर कुठं, तू कुठं उभी ऱ्हातेस, ते काढ. बाकी ऱ्हाऊ दे."

दादाने कॉमेंट बंद करून टाकल्या. मी वाटा, वेळा, रंग सगळे काढले. पण नवं काही लिहायला बसले की हात थांबायचा. कुठलं वाक्य लांबलं, कुठे तोडायचं, हे ज्याने शिकवलं तोच माणूस डोळ्यांपुढे यायचा. त्याने सांगितलेलं विसरावं की ठेवावं, हे मला कुणी सांगू शकलं नाही. मी ते ठेवलं. अजूनही लांबलेलं वाक्य तोडताना क्षणभर किळस येते, आणि मी ते तोडते.

अकरावीत गेल्यावर मीच कॉमेंट पुन्हा सुरू केल्या. काही दिवसांनी एक आली, अनोळखी नावाची. मी न वाचताच आईला हाक मारली. ती हात पुसत आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून, एकेक अक्षर जोडत, स्वतःच वाचू लागली. कुणा बाईने विचारलं होतं, तुमच्याकडे चिंबोऱ्यांचा रस्सा कसा करतात?

आईने ते पुन्हा एकदा वाचलं. "बाईच हाय कशावरनं?" म्हणाली.

"कळत नाय गं."

तिने हात पुन्हा एकदा पदराला पुसले. मग पाट ओढून शेजारी बसली. "रश्श्याचंच सांग मग. दुसरं कायपन नको. आधी चिंबोऱ्या साफ कशा करायच्या, ते लिव." ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेले.