कुंकू लावलेली वाइन

ये वं, अशी जवळ बस. सख्खी बहीण ना तू माझी? अमडापूरच्या बाजाराले येतं अन् तिथूनच परत जातं, काही वाटते काय जिवाले? बरं, ऐक आता.

माझी नात शिकून नाशिककडे वाइन बनवायच्या कामाले लागली, तेव्हापासून माझा पोरगा तिच्याशी कामाशिवाय अक्षर बोलत नव्हता. "पोरगी दारू गाळते, हे चारचौघांत कसं सांगू?" म्हणे. पोरीले ते फार लागलं होतं. या दिवाळीले ती लाल वाइनची बाटली घेऊन आली. दोन जातीच्या द्राक्षांच्या वाइन मिसळून तिनं स्वतः जुळवलेली. बाबानं एक घोट घ्यावा, एवढंच तिचं म्हणणं.

बाटली ओट्यावर होती. मी पूजेवरून उठले, करंडा हातातच. आपल्याकडे नवी वस्तू आली, मिक्सर असो का ट्रॅक्टर, हळद-कुंकू लागतेच. गेलं ना कुंकवाचं बोट सवयीनं बाटलीले!

"अवो आई! दारूले कुंकू?" सून ओरडली.

तेवढ्यात पोरगा वावरातून आला अन् बाटलीकडे पाहतच राह्यला. नातीचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हटलं, "पूजा झाली बाप्पा तिची. आता पाठ फिरवतं काय?"

"तू बी ना, माय!" तो हसला अन् पाटावर बसला.

नातीनं चहाच्या ग्लासात थोडी थोडी ओतली. "आजी, घाई नको करू. ग्लास फिरव, वास घे, मग तोंडात घोळव."

वास थेट पिकल्या जांभळाचा. घोट घेतला तर आधी जीभ तुरट, मग मऊ मऊ, अन् गिळल्यावर घशात मिऱ्याची चुणूक. तुरटपणा एका द्राक्षाचा, मिरं दुसऱ्याचं, असं ती म्हणे.

"म्हणजे आपला काळा मसालाच की! नुसते धने काय करतील?" मी म्हटलं.

पोरग्यानं बी ग्लास फिरवून एक घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"तुरट जास्त झालं. किती टाकलं?"

"अर्धं-अर्धं, बाबा."

"अर्धं काऊन? ते कमी कर, मिऱ्यावालं वाढव."

पोरीच्या डोळ्यांत पाणी, अन् हसूनही राह्यली. मग काय, भाकरी थंड झाल्या तरी बापलेकीचं सरेना.

संक्रांतीले ती नवी जुळवून आणून राह्यली, बापानंच तिले आणायले सांगितलं. तुझ्या घरच्या पाव्हण्यांले, नवऱ्याले, संग घे अन् ये वं लवकर.