गार दूध

आमच्याकडे कुठली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्याला आमच्या पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत पौषातल्या पहाटे उभं करावं. केळी, पानवेली, पाटाचं पाणी, सगळीकडे ओल. आणि ऊन म्हणाल तर ते नारळीच्या शेंड्यावरच. मी बोईसरच्या चाळीतली. तिथे घरभर माणसं, थंडी शिरणार कुठून! बाळंतपण आईकडे झालं आणि सव्वा महिन्याच्या लेकीला घेऊन मी सासरी आले, ती ऐन गारठ्यात.

पहाटे लंगोट धुवायचं काम माझं. चुलीवरचं गरम पाणी आधी सासऱ्यांना, मग नवऱ्याला, कारण त्याची कारखान्यात पहिली पाळी. मला टाकीतलं. बोटं अशी बधिर व्हायची की लंगोट पिळताना हातातून निसटायचे.

पोरीला सर्दी झाली, छाती घुरघुरायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "गार पाण्यात हात घालते आन् तशीच पोरीला घेते. दूध गार पडलंय तुझं." अहो, पण गार पाण्यात हात घालायला लावले कोणी? हे मनातल्या मनात. तोंडाने बोलले असते तर माहेरचा उद्धार झाला असता.

मग माझ्या दुधाची परीक्षा. वाटीत थोडं पिळायला लावलं आणि सासूबाईंनी अंगणातली काळी मुंगी धरून त्यात सोडली. मुंगी काठाला आली तर दूध चांगलं, मेली तर वाईट, ही त्यांच्या सासूची शिकवण. मुंगी जराशी वळवळली आणि मेली. मुंगी पाण्यात मरते, चहात मरते, माझ्याच दुधात मेलीने पोहून दाखवायचं होतं! शेजारची काकू डोकावली, "अगो बाई" म्हणाली, आणि निकाल लागला. त्या दिवसापासून पोरीला म्हशीचं दूध, पाणी घालून, ओवा टाकून उकळलेलं, बोंडल्याने. मी तिला फक्त पुसायची नि धुवायची.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईने चार पोरं वाढवली. तू एक तरी वाढवलीस का?" वा रे शहाणा!

माझी छाती दगडासारखी झाली, ताप भरला. मी मोरीत दूध पिळून टाकायची आणि आतून लेकीचं रडणं ऐकायची. ते ऐकलं की आणखी पाझरायचं. एका दुपारी खोलीचं दार लोटून मी तिला पदराखाली घेतली. ती अशी तुटून पडली की मला रडू फुटलं. तेवढ्यात सासूबाई आत आल्या आणि पोरीला माझ्यापासून ओढून घेतलं. तिच्या हनुवटीवर थेंब होता, तो त्यांनी पदराने खसाखसा पुसला. विष पुसावं तसा.

पुढे पोरीला हगवण लागली, नुसता हाडांचा सापळा राहिला. मग मात्र सगळे घाबरले, तिला पालघरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई चिडल्या. "आईचं दूध गार-बिर काही नसतं. तेच द्या." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमी कुठे नाय म्हणतो? हिलाच दूध नाय." आणि खरंच, तोवर माझं आटलं होतं.

"छातीशी लावत राहा, येईल परत," बाई म्हणाल्या. औषधाने पोर सावरली. मी अळीव खाल्ले, मेथ्या खाल्ल्या, ज्याने जे सांगितलं ते गिळलं. रोज तिला लावायची, रोज ती रडून तोंड फिरवायची. थंडी होळीपर्यंत रेंगाळली, आणि होळीच्या तोंडावर एका सकाळी माझं ब्लाऊज ओलं झालं. दूध आलं! हातातली केरसुणी टाकून मी ओटीवर धावले. सासूबाईंकडून पोर घेतली, तिथेच फतकल मारून बसले आणि तिला पाजायला घेतली.

तिने तोंड लावलं, वेडंवाकडं केलं आणि कमान होऊन किंचाळली. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. दोन्ही मुठींनी मला ढकलत होती. सासूबाईंनी हात पुढे केले, बोंडलं तिच्या ओठाला टेकवलं, आणि ती चुटूचुटू प्यायला लागली.

"बघ," त्या म्हणाल्या, "पोरीला पण कळतं."

मला सासूचा राग यायचा सोडून त्या क्षणी पोरीचाच आला. पोटच्या पोरीचा. मी ब्लाऊजची बटणं लावत होते आणि दूध थांबत नव्हतं.