कयाधूकाठची काळपुळी आणि गयाचा तक्ता

सोमवार, ९ सप्टेंबर १९४०, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. या वेळी कयाधू नदीकाठच्या एका गावच्या चावडीवरून हरबा नावाच्या माणसाला दंडाला दोर बांधून हिंगोलीला नेण्यात आलं. आरोप असा की त्याने पाटलांची जनावरं विषाची सुई टोचून मारली. मिनिटापर्यंतची वेळ मला ठाऊक आहे, कारण हरबाची बहीण गया हिने ती लिहून ठेवली. गया माझ्या हाताखाली बावीस वर्षं वॉर्डात आया होती. ताप किती वाजता चढला, किती वाजता उतरला, हे तक्त्यावर लिहायला मीच तिला शिकवलं. आम्ही दोघी एकाच साली निवृत्त झालो. मी नाशिकला आले, ती गावच्या महारवाड्यात परतली. तिची सवय मात्र तिच्याबरोबरच गेली.

तिचं पत्र शनिवारी आलं. सोबत शाळकरी वहीच्या पानावर आखलेला तक्ता होता. जनावर कोणाचं, कुठे चरलं, कधी मान टाकली, किती तासांत गेलं, नाकातून काळं रक्त आलं की नाही. अकरा ओळी गाई-बैलांच्या. त्याखाली दोन ओळी रोह्यांच्या, म्हणजे रानातल्या नीलगाईंच्या. सर्वांत शेवटी: "गिधाडं. पोटभर खाल्लं. एकही मेलं न्हाई."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. विषाने मेलेलं ढोर खाऊन गिधाडं जगली नसती. मी ट्रंक बाहेर काढली. भाचा म्हणाला, या वयात निजामाच्या राज्यात एकटी कशाला जातेस. मी म्हटलं, तुझ्या वयाची असते तर तुझ्याइतकीच घाबरले असते.

ज्यांना हिंगोलीला जायचं आहे त्यांच्यासाठी: मनमाडला गाडी बदलायची, पूर्ण्याला पुन्हा बदलायची. बाकावरची उशी सोबत न्यावी आणि कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपये मोडून निजामाचा हाली सिक्का घ्यावा, नाहीतर पूर्ण्याचा चहावाला तुमच्याकडे खोटं नाणं पाहावं तसं पाहतो. वाटेत करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या शिपायाने माझी पेटी उघडली. काचपट्ट्यांची चळत आणि स्पिरिटची बाटली पाहून त्याने विचारलं, ही खिडकी कुठे बसवणार? मी सांगितलं, तुमच्या कचेरीतच बसवीन म्हणते, उजेड कमी आहे. त्याने पेटी लावून दिली. पूर्ण्यापासूनची गाडी इतकी रमत जाते की दोन्ही बाजूंची ज्वारी ओळखीची होते. सप्टेंबरात सगळं हिरवं, आणि खालची माती काळी कुळकुळीत. ती चपलेला चिकटली की चप्पल तिचीच होते.

मंगळवारी हिंगोलीत उतरले. टांगा आठ आणे. धर्मशाळा स्वच्छ, पण डास पाळीव वाटावेत इतके निर्ढावलेले. पिशवी टाकून थेट जनावरांच्या रोगांची कचेरी गाठली. ती कोणती ते ती कचेरी ओळखेलच. मोठे साहेब दौऱ्यावर होते. कारकुनाने गयाचा तक्ता दोन बोटांत धरला, आणि आयाबायांच्या कागदावर सरकारी काम चालत नाही, असं मला हिंदीत ऐकवलं. त्याच्या टेबलावर या गावचा कागद होता. त्यावर एकच शब्द लिहिलेला: विषप्रयोग. गावात कोण जाऊन आलं, असं मी विचारलं. कोणीच गेलं नव्हतं. पाटलांची तक्रार आली, तीच उतरवून घेतली होती. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये नन्स आम्हाला न पाहता केलेल्या वर्णनाबद्दल उभं करीत. मी या गृहस्थांना उभं करू शकले नाही, याची खंत आहे.

बुधवारी पहाटे बैलगाडी ठरवली, दीड रुपया रोज. नरसीपर्यंतचा रस्ता बरा. तिथे देवळापाशी चुरमुरे, केळी आणि कडक गोड चहा मिळतो. पुढे काही मिळत नाही, म्हणून तिथेच पोट भरून घ्यावं. नरसीच्या पुढे चाकं आऱ्यांपर्यंत रुतली. गाडीवान खाली उतरला, बैल थांबले आणि मी पायी निघाले. तिघांत सर्वांत खूश बैल होते.

गया वेशीबाहेर उभी होती. वॉर्डात उभी राहायची तशीच, हात पुढे बांधून. पाणी देण्याआधी तिने सगळी हकीकत सांगितली. श्रावणात महारवाड्याने ठरवलं की यापुढे मेलेलं जनावर ओढायचं नाही आणि त्याचं मांसही खायचं नाही. गावाला ते झोंबलं. पंधरा दिवसांत पाटलांचा बैल मेला. पाटलांनी आणि त्यांच्या सालगड्याने चरफडत तो स्वतः ओढून ओढ्यात टाकला. मग एकामागून एक जनावरं जायला लागली, आणि गावाने हिशेब मांडला: ओढायला नकार देणारे तेच मारणारे. हरबा सर्वांत मोठ्याने बोलला होता, म्हणून तोच सापडला.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

बावीस वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होते, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं असावं.

"सिस्टर, रोही काय पाटलाच्या दावणीला व्हती? तिला कोण सुई टोचायला गेलं? वड्यात ढोर टाकलं, गिधाडांनी फाडलं, अन् खाऊन वड्यातच आंग धुतलं. पूर आला, पाणी खालच्या कुरणात गेलं. तिथं चरलं ते मेलं. वरच्या अंगाला चरणारं एक बी न्हाई गेलं."

ती मला ओढ्याच्या वरच्या अंगापासून खालच्या कुरणापर्यंत चालवत घेऊन गेली. तक्त्यातली प्रत्येक ओळ जमिनीवर उभी होती. एका रोहीचा सांगाडा अजून गवतात पडलेला होता. मी तीस वर्षं नोकरी केली, पण रोग कसा चालत जातो हे इतकं स्वच्छ मला कोणी दाखवलं नव्हतं.

त्या दिवशी गयाकडेच जेवले. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा. ठेच्याबाबत वाचकांना सावध करते. मला कोणी केलं नव्हतं.

दुपारी पाटलांची एक गाय कुरणात कोसळली. आम्ही पोचेपर्यंत ती गेली होती, नाकातून काळं रक्त, गोठायचं नाव नाही. तिला कोणी चिरायचं नाही, गिधाडं येऊ नयेत म्हणून वर बाभळीचे काटे टाकायचे, असं मी बजावलं. हातमोजे चढवले, कानाच्या टोकाला बारीक छेद दिला, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला आणि कापूस, मोजे तिथेच जाळले. हे चाललं असताना पाटील आले. भारी पटका, चांगली मिशी, आवाज चढलेला. हरबाच्या बहिणीने परगावची बाई आणून जादूटोणा चालवल्याचं ते म्हणत होते. त्यांच्या उजव्या मनगटावर फडकं होतं.

"पाटील, बैल कोणी ओढला होता?"

"आमीच. ते तर आडून बसले."

"दोर उजव्या हाताला गुंडाळला होता?"

फडकं सोडा म्हटल्यावर त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या मागून आलेल्या पाटलीणबाईंनी सोडलं. खाली काळी खपली, भोवती फुगलेल्या पाण्याच्या फोडांची कड, आणि हात कोपरापर्यंत सुजलेला. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स. सालगड्याच्या मानेवर तशीच होती, ते गयाने आधीच लिहून ठेवलं होतं.

"दुखत न्हाई जी," पाटील म्हणाले. "बिब्बा लावला."

"दुखत नाही म्हणूनच माणसं मरतात. जनावरांना झालंय तेच तुम्हाला झालंय. हरबा नऊ दिवस कोठडीत आहे, मग ही सुई तुम्हाला टोचली कोणी?"

पाटलीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आता तरी गाडी जुंपा. का आमालाच वढायला लावता?"

गुरुवारी एकाच गाडीतून आम्ही चौघं हिंगोलीला गेलो: पाटील, सालगडी, गया आणि मी. पाटील आणि गया एका गाडीत शेजारी बसल्याचं पाहून नरसीचा चहावाला चहा ओतायचा थांबला.

माणसांच्या दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादचे, वयस्कर, मिश्कील. त्यांनी काचपट्टी निळ्या रंगात बुडवली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मला जागा दिली. रोगाचे जंतू: निळ्या काड्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. मग गयाला जागा दिली. तिने बराच वेळ पाहिलं.

"अम्मा, ये तक्ता किसने बनाया?" डॉक्टरांनी मला विचारलं. मी गयाकडे बोट केलं. ते उठून उभे राहिले, आणि तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, पण खुर्ची आली हे महत्त्वाचं.

काळपुळीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, उपदंशाच्या रोग्यांसाठी ठेवलेलं सोमलाचं. म्हणजे विषच, आणि तेही सुईने. पाटलांना मी ते नाव घेऊन सांगितलं. त्यांनी मान खाली घालून हात पुढे केला. त्यांनी आधी हरबाला सोडवावं आणि मगच आम्ही औषध द्यावं, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. पण नर्स तसा सौदा करीत नाही.

शनिवारी सूज उतरली. त्याच दुपारी पाटील कोणी न सांगता पोलीस अमिनाकडे, म्हणजे फौजदाराकडे गेले, आणि आपली तक्रार खोटी होती असं स्वतःच्या तोंडाने म्हणाले. संध्याकाळी हरबा बाहेर आला. उंच, सडपातळ माणूस. बहिणीला पाहून पहिलं काय म्हणाला, तर, "तक्त्यात माझं नाव लिवलं का?" गयाने ओळ दाखवली. आत नेलं, तारीख, वेळ. तिने पेन्सिल काढून पुढची वेळ भरली: पाच वाजून दहा मिनिटं.

रविवारी गावात खड्डा खणला. मेलेलं जनावर न फाडता, पुरुषभर खोल, वर चुना टाकून पुरायचं; दुसरा उपाय नाही. ओढणार नाही हा महारवाड्याचा निर्णय वैद्यकाच्या दृष्टीनेही योग्य होता, त्यामुळे खड्डा ज्याचं जनावर त्याने खणायचा. पाटलांचे दोन भाऊ घाम गाळत होते आणि काठावर बसलेल्या महारवाड्यातल्या म्हाताऱ्या त्यांना मार्गदर्शन करीत होत्या. "दादा, आनखी खोल. काहून घाई करून राहिले? गाय काय पळून जाती का?" मी इतकी रमले की माझी गाडी चुकली, आणि एक दिवस जास्त राहिले. ओढ्याकाठच्या कुरणाला बाभळीचं कुंपण घातलं. त्यानंतर आजपर्यंत गावात एकही जनावर त्या रोगाने गेलेलं नाही. गया दर आठवड्याला कोरा तक्ता पाठवते. इतका सुंदर कागद मी पाहिला नाही.

नाशिकला परतून दोन आठवडे झाले. भाचा विचारतो, काय मिळालं. चिखल चपलेवरून गेला, ठेचा पोटातून गेला. राहिलं ते एवढंच: बावीस वर्षं मी गयाला तक्ता भरायला लावला, आणि त्यात काय दिसतं हे एकदाही विचारलं नाही. ती चूक माझी. मी ती लेखी कबूल करते आहे.

आता कचेरीने स्वतःची कबूल करावी. हरबा सुटला, पण कचेरीतल्या त्याच कागदावर आता त्याच्या नावापुढे "पुराव्याअभावी सोडला, संशय कायम" असा शेरा आहे. उद्या दुसऱ्या गावात बैल मेला की दोर पुन्हा त्याच्याच दंडाला लागेल. डॉक्टरांचा दाखला, काचपट्टी आणि गयाच्या तक्त्याची नक्कल मी रजिस्टर टपालाने पाठवली असून पोच माझ्याकडे आहे. "विषप्रयोग" हा शब्द खोडून तिथे रोगाचं नाव लिहावं, संशयाचा शेरा काढावा, हरबा निर्दोष आहे असं एक वाक्य घालावं, आणि त्या कागदाची सहीशिक्क्याची नक्कल गयाबाईंच्या नावे पाठवावी. तोंडी निरोप चालणार नाही. लेखी उत्तर ३१ ऑक्टोबर १९४०, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मिळालं पाहिजे.