माझ्या हातांचा नंबर

माझे हात ड्रम धुवूनच सोलले, हे आमच्या खात्यातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. तारापूरच्या एका कारखान्यात मी रंगाचे रिकामे ड्रम धूत होते. हातमोजे फाटले की नवे मिळत नसत. मनगटापर्यंत कातडी लाल झाली, सुजली, भेगाळली. भाकरी थापताना पीठ भेगांत शिरायचं आणि जीव जायचा. मला फक्त पॅकिंगला बदली हवी होती. मुकादम म्हणाला, डॉक्टरचा कागद पायजे.

कागद आणायला तोच सोबत आला. ठेकेदाराकडची बाई दवाखान्यात गेली की मुकादमाने बरोबर जायचं, असा आमच्याकडचा रिवाज. दुखणं आमचं, तोंड त्याचं.

डॉक्टरांनी मला विचारलं, "कशाने झालं?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "घर का साबुन होगा, साब. ये लोग सस्तावाला लेते हैं."

परक्या माणसासमोर मला शब्द फुटत नाही. मुकादमाला ते पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी माझ्या हातांना हात न लावता काहीतरी खरडलं.

बाहेर कॉम्प्युटरवर एक मुलगी होती. मुकादम बिडी ओढायला गेला तेव्हा मी तिला हळूच विचारलं, "काय लिवलंय, बाय?"

"एल तीस पॉइंट नऊ. आजाराचा नंबर असतो तो. त्वचेचा दाह, कारण नमूद नाही."

"केमिकलनं झालंय."

"त्याला वेगळा नंबर आहे, मावशी. पण डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय मला टाकता येत नाही. आत जाऊन सांगा ना."

मी दार ढकललं तोच मागून तो ओरडला, "काय गं, इथंच राहाते काय? चल, टमटम थांबलीय."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर कागद नाचवला. "बघा, कारण लिवलंच नाय. ड्रमाचा काय संबंध नाय. लाग कामाला."

वाटेत एक ड्रम आडवा पडला होता, तोंडाशी ओला पिवळा गाळ. तो सरकवायला मुकादमाने हात पुढे केला, थांबला, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून पंजाला गुंडाळली.

"पिशवी कशाला, दादा?" मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. "कागदावर तर कायच नाय. लावा की उघडा हात."

"लावा, लावा," आमच्याच खात्यातली मासवणची म्हातारी म्हणाली. "मग धुवा घरी. तुमचा साबण तर म्हागाचा हाय ना!"

बायका फिदीफिदी हसल्या. त्याने पिशवी काढली नाही.

पॅकिंग मला मिळालं नाही. सुट्टी होताना तो म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

आता घरी बसून हात बरे होत आलेत. साबण तोच आहे. त्या मुकादमाचे आणि त्या डॉक्टरांचे हात असेच सोलावेत, आणि त्यांच्या वतीने बोलायला भलताच कोणीतरी सोबत जावा.