पाचशे लिटर लाज

माझ्या पुतणीच्या लग्नात आमरस मांडवाच्या छताला लागला. तो मी लावला.

एवढं कबूल करायला मला नऊ महिने लागले, आणि त्या नऊ महिन्यांत ज्याचा काही दोष नव्हता तो माणूस माझी लाज स्वतःच्या नावावर घेऊन फिरत होता. म्हणून हसायचं असेल तर हसा, पण मला हसा.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. मुलं मला 'बावीस पॉइंट चार' म्हणतात (समोर 'सर' म्हणतात, पण त्या 'सर'मध्ये दशांश चिन्ह ऐकू येतं). कारण अकरावीला मोलर आकारमान शिकवताना मी एकच वाक्य इतक्या वेळा म्हणतो की आमचा शिपाई घंटा देतानासुद्धा ते पुटपुटतो: कुठलाही वायू घ्या, हलका घ्या, जड घ्या, त्याचा एक मोल घेतला की तो बावीस पॉइंट चार लिटर जागा मागणारच. (हे शून्य अंश तापमानाला. मे महिन्यात आमच्याकडे तो आणखी थोडी मागतो.)

तर मागच्या मे महिन्यात माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न होतं. दादा बोरी बुद्रुकला शेती करतो. नवरदेव लोणीचा. जेवणात आमरस-पुरी, आणि आचारी बबन. बबन म्हणजे आमच्या पट्ट्यातला नावाजलेला माणूस. त्याच्या रसासाठी लोक लग्नाची तारीख हलवतात, असं तो स्वतः सांगतो आणि कुणी खोडून काढत नाही.

बबनने रस दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये भरून ते बर्फाच्या पाण्यात उभे केले होते. पण नवरदेवाची वरात डीजेपुढून हलेना. मुहूर्त टळला आणि बर्फाचं पाणी आंघोळीसारखं कोमट झालं.

"बर्फाची लादी आणाया आळेफाट्याला माणूस धाडतो," बबन म्हणाला.

"थांब," मी म्हणालो.

हा एक शब्द मी म्हणालो नसतो तर आज मी सुखी असतो.

झालं असं की पल्लवीच्या एन्ट्रीला धूर सोडण्यासाठी दोन पोरं कोरडा बर्फ घेऊन आली होती. धूर सोडून झाला, नवरी ढगांतून चालत आली, सगळ्यांनी फोन वर करून ते टिपलं, आणि थर्माकोलच्या पेटीत बराच बर्फ उरला. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कर्बवायू. तो वितळून पाणी होत नाही, सरळ हवा होऊन जातो. मी पेटी उचलून भटारखान्यात आलो. त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते माझ्या बायकोने, सुनंदाने पाहिलं आणि ती लगेच म्हणाली, "काय करताय?"

"साधा बर्फ टाकला तर रस पातळ होतो. हा टाकला तर थेंबभर पाणी सुटणार नाही. विज्ञान आहे."

"विज्ञान घरी करा की. आज लग्न हाय."

मी सांडशीने किलोभर तुकडे पहिल्या कॅनमध्ये सोडले. उरलेला चुरा दुसऱ्यात. रसातून पांढरा धूर निघाला. बबन दोन पावलं मागं सरला.

"सर, चालतंय न हे? माझं नाव हाय यात."

"बबन, मी पंचवीस वर्षं हेच शिकवतोय."

"मग झाकण लावू का उघडं ठिवू?"

माझा व्यवसाय, माझं शिक्षण, माझी एम.एस्सी. या सगळ्यांचं सार या एका प्रश्नात होतं. आणि मी म्हणालो, "घट्ट लाव. गारवा जाईल."

पहिल्या कॅनचं झाकण त्याने हाताने दाबलं. मला ते ढिलं वाटलं. मी लाटण्याने ठोकलं.

मग मी हात धुऊन व्याह्यांच्या पंगतीला जाऊन बसलो. शेजारी नवरदेवाचे चुलते होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मोठे शेतकरी, बोलायला मोकळे, खायला त्याहून मोकळे.

"पावणं, तुमी कालिजात काय शिकिवता?"

मला एवढंच हवं असतं. "अण्णा, समजा तुम्ही एक मोल वायू घेतला."

"मोलानं घ्यायचा?"

"नाही, मोल म्हणजे किंमत नव्हे. ते एक माप आहे. शेकडा, डझन असतं तसं. एक मोल कुठलाही वायू घ्या, त्याला बावीस पॉइंट चार लिटर जागा लागते."

"आन् फुकट घेतला तर?"

"फुकट घेतला तरी बावीस पॉइंट चारच."

अण्णांनी पुरी मोडली. "मग मोलानं कशापायी घ्यायचा, राव?"

पंगतीत हशा पिकला. मी सोडलं नाही. उदाहरणाशिवाय समजत नाही, हे मला माहीत आहे. "आता हा मघाचा धुराचा बर्फ. कर्बवायू. चव्वेचाळीस ग्रॅम म्हणजे एक मोल. तुमच्या मुठीत मावेल एवढा खडा, पण त्याची हवा झाली की बावीस लिटर. म्हणजे किलोभर बर्फ घेतला तर..." मी बोटांवर मोजू लागलो. "हजार भागिले चव्वेचाळीस. साधारण तेवीस मोल. गुणिले बावीस पॉइंट चार. म्हणजे पाचशे लिटर."

"पाचशे लिटर हवा? येवढ्याशा बर्फात?"

"हो ना. आणि समजा तो तुम्ही एखाद्या भांड्यात घातला, ज्यात जेमतेम पाच लिटर जागा मोकळी आहे, आणि वरून झाकण..."

मी थांबलो.

"आन् वरून झाकण?" अण्णांनी विचारलं. बारावीच्या मुलांनी इतक्या उत्सुकतेने मला आजवर काही विचारलेलं नाही.

उत्तर भटारखान्यातून आलं. आधी ठप्प असा आवाज, मग मांडवाच्या कापडाला काहीतरी थडकल्याचा, आणि मग कॅनमधून आमरसाचा एक जाड खांब वर गेला, छताला लागला आणि छत्री उघडावी तसा पसरून खाली आला. झाकण गडगडत पंगतीच्या मधोमध येऊन निवांत पडलं. कुणाला काही लागलं नाही, हे माझं नशीब. नवरीकडच्या काही मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हीसुद्धा एन्ट्रीच.

बबनने धावत जाऊन दुसरा कॅन उघडला. तो नुसता फुसफुसला. त्यातला रस तातडीने वाढला गेला, कारण दुसरा नव्हताच. अण्णांनी वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटून घेतले.

"सोड्यावानी झिणझिणतोय," ते म्हणाले.

त्यांच्या बहिणीने चाखून निकालच दिला. "आंबलाय. आंबून फुटला त्यो डबा. आमाला शिळा रस पाजला."

मुलीच्या लग्नात व्याह्यांना आंबलेला रस. दादाचा चेहरा मला अजून दिसतो. तो बबनकडे वळला.

"दादा, पहाटं काढलेला रस हाय," बबन म्हणाला. त्याच्या भुवईवर आमरस होता. "सरांनी त्यात बर्फ टाकला व्हता. इचारा सरांना."

"बर्फानं कधी डबा फुटतो का रं?" दादाने मला विचारलं. पंगत माझ्याकडे पाहत होती. बबनही पाहत होता, आणि त्याच्या नजरेत अजून विश्वास होता. सर आहेत, सर सांगतील.

मी म्हणालो, "बर्फाने... सहसा नाही."

तीन शब्द. प्रत्येक खरा, आणि मिळून धडधडीत खोटं. सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुरीकडे पाहू लागलो.

बबनने पंच्याने भुवई पुसली आणि जिलबी वाढायला घेतली.

त्यानंतर लोणीच्या बाजूने बबनला बोलावणं बंद झालं. मग ते इकडेही झिरपलं. 'बबनचा रस फुटतो' असं लोक म्हणू लागले. जुन्नरच्या बाजारात तो मला दिसायचा, आणि पूर्वीसारखंच "नमस्कार सर" म्हणायचा. त्याने शिवी दिली असती तर मी दोन वेळ नीट जेवलो असतो. मी घरी येऊन सुनंदाला म्हणायचो, "उद्या सांगतो दादाला."

"उद्याचं माप किती लिटर असतं हो?" ती विचारायची.

शेवटी माघात लोणीला पल्लवीचं डोहाळजेवण निघालं. आचारी दुसरा होता. भात चिकट, भाजी आळणी, आणि जेवताना अण्णांची बहीण म्हणाली, "चव नसंना का, पर फुटत तरी न्हाई." सगळे हसले. दादाने मान खाली घातली. सुनंदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमी बोलता का मी बोलू?"

मी उभा राहिलो. म्हणालो, मला एक सांगायचंय. मग बबनचं नाव घेतलं, तसं अण्णा म्हणाले, "त्याच्याबद्दल सांगायचं तर त्यालाच ऐकू द्या," आणि फोन लावून स्पीकरवर ताटाशेजारी ठेवला.

मी सुरुवात केली. मुळापासून सांगितलं नाही तर समजणार नाही, म्हणून मुळापासून. वायूचे कण एकमेकांपासून किती लांब असतात. घन पदार्थात किती जवळ. चव्वेचाळीस ग्रॅम. बावीस पॉइंट चार. तापमान वाढलं तर काय होतं. ताटातल्या वाट्या घेऊन मी दोन कॅनसुद्धा मांडून दाखवले. अण्णांची बहीण जांभई देत होती. पंधरा मिनिटं झाली असतील, तेव्हा फोनमधून बबनचा आवाज आला.

"सर, माफी मागताय का तास घेताय?"

कुणी हसलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढं सगळं बोललो, त्यात 'मी' हा शब्द एकदाही आला नव्हता. बर्फ आला, वायू आला, दाब आला. जणू लाटणं हातात घेऊन झाकण दाबानेच ठोकलं होतं.

"बबन," मी म्हणालो, "बर्फ मी टाकला. झाकण मी ठोकलं. तुझा रस ताजा होता. दादाने विचारलं तेव्हा मी भ्यालो आणि तुला पुढं केलं. माझं चुकलं."



"येवढंच व्हतं तर तवाच बोलायचं न," बबन म्हणाला.

दादा माझ्याकडे बघत राहिला. "नऊ महिनं मी त्या माणसाशी बोललो न्हाई रं," एवढंच म्हणाला, आणि ते मला लाटण्यासारखं लागलं. अण्णांनी मात्र फोन उचलला.

"म्हंजे रस चांगला व्हता? आन् मी तिसरी वाटी सोडली? बबन, बारशाला तूच यायचं."

"येतो की. पर सर येणारेत का?"

"मामा हायेत पोरीचे, त्यांना कसं टाळायचं?"

"चुलते," मी दुरुस्त केलं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"मग माझी बायकू पण संगं आणतो," बबन म्हणाला.

बारशाला जेवण झकास होतं. बबन सगळ्यांना आग्रह करून वाढत होता, मलाही. भटारखान्याच्या दाराशी त्याची बायको खुर्ची टाकून बसली होती. ती काही चिरत नव्हती, निवडत नव्हती, वाढत नव्हती. मी पाणी प्यायला उठलो की तीही उठायची.